सर्वांत गर्दीचा दिवस

वासितीच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे अंबिका प्रसाद तेवीस वर्षांत एकदाही विसरले नव्हते. पत्र लहानच होतं. शाळेच्या वहीतलं निळ्या रेघांचं पान, घडी घालून घालून मध्ये फाटत आलेलं. ते त्यांनी जाड अ‍ॅटलासात ठेवलं होतं, आणि अ‍ॅटलास वरच्या फळीवर, म्हणजे स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचू नये. तरी वर्षातून एकदोनदा ते स्टुलावर चढतच.

'मास्टर,' असं पत्र सुरू होत होतं. 'तुम्ही तीन शनिवार आमच्या फाट्यावर उभे राहिलात. पहिल्या शनिवारी तुम्ही आमच्या घरी जेवलात. म्हणून मी तुम्हाला लिहिते आहे, बस कंपनीला नाही. आरू म्हणतो, अपिलाला एकवीस दिवस आहेत. परवाना मंडळाला एक ओळ लिहा, की तो शनिवार होता आणि आम्ही शनिवारी कुठे जात नाही. तुम्हाला हे माहीतच नव्हतं असं असेल, तर मला तसं कळवा. मी बूबूला सांगेन. ती रोज विचारते.'

उत्तर एका ओळीचं होतं. ती ओळ त्यांना तेवीस वर्षं लिहिता आली नव्हती.

आणि आता शैलेन येऊन गेला होता.

शैलेन म्हणजे मंगल बस कंपनीचा आजचा मालक, थोरल्या हरबन्स बॉसचा मुलगा. गॅरेजच्या मागच्या आवारात अंबिका प्रसादांची एक खोली होती. हरबन्स बॉसनी ती दिली होती, आणि निवृत्तीनंतर 'आता सोडा' असं कुणी म्हटलं नव्हतं. खोलीत पलंग, स्टोव्ह आणि तीन भिंतींना पुस्तकं. शैलेन दारात चपला काढून आत आला, लकडी मिठाईचा डबा टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "चाचा, एक सही हवीय. दोन मिनिटांचं काम."

"कसली सही, बेटा?"

"वाइलोलोच्या बायकांनी बस घेतलीय. जुनाट आहे, सुवाहून बोटीने आणलीय. सकाळी पावणेसहाच्या फेरीचा परवाना मागतायत. गुरुवारी सुनावणी. आपण हरकत घेतलीय. वकील म्हणतो, त्या रस्त्यावरच्या उतारूंची मोजणी आपल्याकडे आहे, फक्त ज्याने केली त्याने 'ही माझीच' म्हणून सांगावं."

त्याने कागद पुढे सरकवला. वर कंपनीचं नाव, खाली टाईप केलेल्या तीन ओळी. 'सोबत जोडलेले मोजणीचे तक्ते माझ्या हस्ताक्षरात असून त्यांतील प्रत्येक आकडा मी स्वतः जागेवर उभे राहून नोंदवला आहे. आकडे खरे आहेत.' तक्ते टाचणीने जोडले होते. आपलं तिशी-चाळिशीतलं नीट, बारीक, थोडं उजवीकडे झुकलेलं अक्षर अंबिका प्रसादांनी लगेच ओळखलं. तिन्ही तक्त्यांच्या तळाशी शेऱ्याच्या रकान्यात एकच वाक्य होतं: 'आठवड्यातील सर्वांत गर्दीचा दिवस.'

"हे फार जुनं आहे, शैलेन."

"जुनंच चांगलं. तेव्हापासून रस्ता तसाच, माणसं तशीच. यात खोटं काही आहे का?"

"खोटं नाही."

"मग?"

अंबिका प्रसादांनी चष्मा काढून पुसला. "बघतो," ते म्हणाले.

"बघता काय चाचा, तुमचंच अक्षर!" शैलेन हसला. मनाने वाईट मुलगा नव्हता. लहानपणी याच खोलीत बसून त्याने पाढे पाठ केले होते. "बुधवारी माणूस पाठवतो न्यायला. मिठाई खा हं, मुंग्या लागतील."

तो गेल्यावर अंबिका प्रसाद बराच वेळ त्या तीन ओळींकडे बघत बसले. खरोखरच एकही शब्द खोटा नव्हता. हरबन्स बॉसचं कामच तसं असायचं.

*

त्या वेळी वाइलोलोच्या रस्त्यावर आरुमुगमची, म्हणजे आरूची, एकच बस होती. हिरवी, खिडक्यांना काचा नसलेली, पाऊस आला की ताडपत्री सोडायची. तोच मालक, तोच ड्रायव्हर, इंजिन रुसलं की खाली लोळणारा मेकॅनिकही तोच. पहाटे पावणेसहाला फाट्यावर उभा राही. दालोचे, म्हणजे अळकुड्यांचे, भारे टपावर आणि बायका आत, अशी ती लंबासाच्या बाजाराला सात वाजता टेकत असे. सात वाजता पोचलेल्या बाईला बाजारात छपराखाली जागा मिळते. नऊनंतरच्या बाईला मिळत नाही.

मंगल कंपनीची गाडी वरच्या मोठ्या रस्त्याने यायची. तिचं वेळापत्रक अंबिका प्रसाद करत. दोन वर्षं शाळेत मास्तरकी केली होती. वर्ग काही आवरेना, म्हणून हेडमास्तरांनी गोड बोलून काढलं, तेव्हा हरबन्स बॉसनी बोलावून टेबल दिलं. पोरांसमोर उभं राहून बोलायचं नाही, एकट्याने बसून रकाने आखायचे. त्यांना स्वर्ग मिळाल्यासारखं वाटलं. पाच पस्तीसची गाडीही त्यांचीच कल्पना. आरूच्या दहा मिनिटं आधी मोठ्या रस्त्यावरून जाणारी. आरूला फाट्यापुढे वाटेत जे उतारू मिळत, ते सगळे तिने उचलले. हरबन्स बॉसनी पाठ थोपटली. अंबिका प्रसादांना त्या थोपटण्याचा आनंद झाला होता, हे ते आजही स्वतःपाशी कबूल करत.

मग आरूचा परवाना नूतनीकरणाला आला. कंपनीने अर्ज केला: या रस्त्यावर एकट्याचा धंदा चालण्याइतके उतारू नाहीत, आम्हाला द्या, आम्ही दिवसाला चार फेऱ्या देऊ. उतारू नाहीत हे दाखवायला मोजणी हवी होती.

"शनिवारी जा," हरबन्स बॉस म्हणाले. "बाजाराचा मोठा दिवस. म्हणजे कुणी म्हणायला नको, रिकामा दिवस निवडला."

अंबिका प्रसादांना ते फार न्यायाचं वाटलं. ते पाचलाच फाट्यावर वही घेऊन उभे राहिले. पावणेसहाला आरू आला, त्यांच्याकडे बघून हॉर्न दिला, कपाळाला हात लावून हसला. बसमध्ये चढले दोन जण. दुसऱ्या फेरीला एक. ऊन चढलं. खालच्या गावातून गाणं ऐकू येत होतं, एकाच्या सुरावर दुसऱ्याचा सूर चढत होता. वहीत दोन आकडे लिहून ते उगाच उभे होते. मोठ्या बाजाराच्या दिवशी गावचं गाव घरात कसं, हे कोडं सुटेना.

दुपारी पांढऱ्या कपड्यांतली एक म्हातारी काठी टेकत वर आली.

"ए बाबा, उन्हात काय उभा राहिलायस? कुणाची वाट बघतोयस?" लंबासाकडच्या काईविती, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांसारखी तिची हिंदी अगदी घरची होती.

"बसची माणसं मोजतोय, आजी."

"आज?" म्हातारी इतकी हसली की तिला काठीवर रेलावं लागलं. "आज कोण मिळणार तुला? आज सब्बाथ. चल, जेव. रिकाम्या रस्त्याला काय मोजायचं, तू घरी गेलास तरी तेवढाच भरेल."

गाव अ‍ॅडव्हेंटिस्ट ख्रिस्ती होतं. शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारी बुडेपर्यंत काम नाही, खरेदी-विक्री नाही, चूलसुद्धा नाही. म्हातारीला सगळे बूबू म्हणत. तिच्या सुनेने, वासितीने, चटईवर कालचा उकडलेला कसावा आणि नारळाच्या दुधातली दालोची पानं वाढली. सगळं गार.

"गरम करून देता येत नाही, मास्टर," ती ओशाळून म्हणाली. "चूल संध्याकाळी. चालेल ना?"

"चालेल की," अंबिका प्रसाद म्हणाले. परक्या घरी त्यांना जेवण जायचं नाही. त्या दिवशी त्यांनी दोनदा मागून घेतलं.

सोमवारी ते बॉसच्या टेबलासमोर उभे राहिले. "बॉस, त्या गावात शनिवार पाळतात. शनिवारी कुणी बाहेर पडत नाही. इतर दिवशी चाळीसेक बायका जातात म्हणे. मंगळवारी परत जाऊ का?"

हरबन्स बॉसनी पेन खाली ठेवलं. "मास्टर, लंबासाच्या बाजाराचा सर्वांत मोठा दिवस कोणता?"

"शनिवार."

"मग तेवढं लिहा. मी खोटं लिहायला सांगतोय का?"

"नाही, पण..."

"एका दिवसावर मंडळ विश्वास ठेवणार नाही. आणखी दोन शनिवार जा." मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुम्ही मोजा हो. धर्माचं बघायला पाद्री आहेत."

ते आणखी दोन शनिवार गेले. जेवायच्या वेळेआधी निघून आले.

सुनावणीत आरूकडे वकील नव्हता. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात टोपी चुरगाळत तो एवढंच म्हणाला, "साहेब, शनिवारी माझे लोक येत नाहीत." कंपनीचा वकील हसून म्हणाला, "म्हणजे मोठ्या बाजाराच्या दिवशीही यांचे लोक यांच्या बसने येत नाहीत!" खोलीत सगळे हसले. तेव्हा अध्यक्षांनी अंबिका प्रसादांकडे वळून विचारलं, "मोजणी तुमची. गावात काही पाळतात वगैरे, याबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे?"

सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. वर्गातली पोरं बघत तशीच.

"मी फक्त डोकी मोजली, साहेब," ते म्हणाले.

परवाना कंपनीला गेला. त्यानंतर आठ दिवसांनी वासितीचं पत्र आलं. त्यांनी उत्तराला सुरुवात केली होती, एकदा नव्हे, सोळा-सतरा वेळा. 'आपले पत्र मिळाले' याच्या पुढे काही जाईना. एकवीस दिवस संपले तेव्हा त्यांना, लाज वाटते सांगायला, हायसं वाटलं होतं.

चार फेऱ्या आठ महिने चालल्या. मग तीन झाल्या, मग दोन, मग सकाळची नऊची एकच. दर वेळी नवं वेळापत्रक अंबिका प्रसादांनीच आखलं, पट्टीने, दोन शाईंत. गावातली मोठ्या शाळेची मुलं शहरात नातेवाइकांकडे राहायला गेली. बायका साडेदहाला बाजारात पोचू लागल्या आणि छपराबाहेर, गटाराच्या कडेला बसू लागल्या. एकदा त्यांना तिथे बूबू दिसली. समोर दालोचे चार जुडगे, डोक्यावर पुठ्ठ्याचा तुकडा. तिने पाहिलं की नाही कोण जाणे. त्यांनी रस्ता ओलांडला. ती गेल्याचं दोन वर्षांनी कळलं.

*

मंगळवारी सकाळी अंबिका प्रसाद बस स्टँडवर गेले. शैलेनचा कागद पिशवीत होता. परवाना गेल्यावर वर्षभरात आरूने हिरवी बस भंगारात घातली होती. आता स्टँडच्या कोपऱ्यात त्याची रोटीची टपरी होती. आणि तेवीस वर्षं अंबिका प्रसाद दुसऱ्या कोपऱ्यातून ये-जा करत होते.

"अरे वा!" आरूने लांबूनच आरोळी दिली. "टायमटेबल मास्टर! किती मिनिटं लेट आज?"

रांगेतले दोघे-तिघे वळून बघू लागले. अंबिका प्रसादांचे कान तापले.

"कसा आहेस, आरू?"

"बघ की. बस होती तेव्हा तुम्ही माझ्यापुढे दहा मिनिटं. आता माझ्यापुढे कोण येतो? रोटी सगळ्यांना माझ्याच वेळेवर." त्याने तवा पुसला. "बटाट्याची देऊ का भोपळ्याची?"

"बटाट्याची. आरू, एक विचारायचं होतं."

"विचार. फुकट आहे."

"तुला ठाऊक होतं? मी बूबूच्या घरी जेवलो ते."

आरूने रोटी गुंडाळली, कागदात बांधली, पुन्हा सोडून पुन्हा बांधली. "होतं. बूबूने त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हणाली, तुझी माणसं मोजायला भला माणूस पाठवलाय, दोनदा वाढून घेतलं त्याने."

"मग सुनावणीत बोलला का नाहीस? अध्यक्षांना सांगायचंस, याला विचारा, हा कुठे जेवला."

"तुझ्या तोंडावर?" आरू म्हणाला. "अरे, अध्यक्षांनी तुला विचारलं की सरळ! मला वाटलं, आता मास्टर बोलतोय. मी टोपीसुद्धा डोक्यावर ठेवली. काम झालं म्हणून."

मागून एक बाई ओरडली, "आरू, गप्पा मारतोस का रोट्या देतोस?"

"देतो गं माझे आई, देतो! तुझी बस दहाची आहे, कुठे पळतेय?" मग हलक्या आवाजात, अंबिका प्रसादांकडे न बघता म्हणाला, "वासितीने बायकांना जमवून बस घेतलीय. पुढचं चाक जरा गाणं म्हणतं, पण चालेल. मी म्हटलं, पोरी, ते जुने कागद काढतील पुन्हा. ती म्हणाली, काढू देत, मास्टर अजून आहेत ना."

"असं म्हणाली?"

"असंच म्हणाली. मी हसलो." आरूने रोटी त्यांच्या हातात ठेवली. "जा, खा. गार झाली की चिवट होते."

रोटी हातात घेऊन ते स्टँडच्या बाकावर बसले, पण ती त्यांना गेली नाही. 'मास्टर अजून आहेत ना.' यात टोमणा होता का? बराच वेळ त्यांनी त्यात टोमणा शोधला. टोमणा असता तर सोपं झालं असतं.

खोलीवर येऊन त्यांनी टेबल रिकामं केलं. मिठाईच्या डब्याला मुंग्या लागल्या होत्या. खोलीचाही विचार आला. ही सोडावी लागली तर इतकी पुस्तकं कुठे न्यायची, कोण ठेवून घेईल. हा विचार आपल्याला आधी सुचला आणि वासितीचा नंतर, याचंही त्यांना वाईट वाटलं. मग त्यांनी शैलेनचा कागद समोर घेतला आणि टाईप केलेल्या तीन ओळींखाली, सहीच्या वर, जुन्याच झुकत्या अक्षरात लिहायला लागले. अक्षर आता मोठं येत होतं.

'तिन्ही दिवस शनिवार होते. वाइलोलो गाव शनिवार पाळते. त्या दिवशी तेथील कोणीही प्रवास करत नाही. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी दुपारी समजली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारी मी ती ठाऊक असूनच उभा राहिलो. शेऱ्यातील वाक्य लंबासाच्या बाजाराला लागू आहे, या गावाला नाही. सुनावणीत मला विचारले गेले तेव्हा मी हे सांगितले नाही.'

खाली पूर्ण नावाने सही केली. मग कागद आणि तक्ते घेऊन ते दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेले. त्यांच्याकडे प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारायचा अधिकार होता. पोस्टमास्तरांनी कागद दोनदा वाचला. चष्म्यावरून एकदा बघितलं आणि शिक्का मारला. निघताना फक्त म्हणाले, "वाइलोलोचं टपाल उद्या सकाळी जातं. आज चारच्या आत टाका."

पत्र मात्र तिथे बसून लिहिता आलं नाही. घरी येऊन निळ्या रेघांचं कोरं पान काढलं. या वेळी त्यांनी 'आपले पत्र मिळाले' असं लिहिलं नाही.

'वासिती,

मला माहीत होतं. तुझ्या घरी जेवलो त्या दिवसापासून माहीत होतं. बूबू रोज विचारत होती, तेव्हाच हे लिहायला हवं होतं. आता तिला सांगता येणार नाही. तूच काय ते कर.

सोबतचा कागद मंडळापुढे ठेव. कागद कंपनीचा आहे, पण खालचं अक्षर माझं आहे. गुरुवारी मी येईन. मला लोकांपुढे बोलता येत नाही, हे तू ऐकलं असशील. बोलता आलं नाही तर कागद माझ्या हातात दे, वाचून दाखवेन.

अंबिका प्रसाद'

माफी मागणारं एक वाक्य त्यांनी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी खोडलेलंच राहू दिलं. नवीन पान घ्यायला वेळ नव्हता. साडेतीन झाले होते.

पेटी पोस्टाच्या भिंतीला होती, तिच्यावर पत्र्याच्या पाटीवर वेळ लिहिलेली: चार वाजता. त्यांनी लिफाफा फटीत धरला आणि मंगल कंपनीची एक बस समोरून गेली. ड्रायव्हरने ओळखून हात केला. त्यांनी दुसऱ्या हाताने उत्तर दिलं आणि या हाताने लिफाफा सोडला. आत तळाशी पडल्याचा आवाज फार लहान होता.

तरी ते तिथून हलले नाहीत. पायरीवर बसून राहिले. चार सातला पोस्टाची गाडी आली, माणसाने पेटी उघडून पिशवीत ओतली, कुलूप लावलं.

"काका, काही राहिलंय का टाकायचं?" त्याने विचारलं.

"नाही," अंबिका प्रसाद म्हणाले. "आजचं सगळं गेलं."